अक्कलहुशारीची मोकळी जागा

मृत्युपत्र लिहून ठेवणार: संतराम किसनराव अडकिणे, वय ७१, धंदा पूर्वी एसटीडी बूथ, हल्ली कुरकुर, राहणार डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

मी हे राजीखुशीने आणि शुद्धीवर राहून लिहीत आहे. वकील रामप्रसाद म्हणतात, पुढे 'अक्कलहुशारीने' हा शब्द घातल्याशिवाय कागद शोभत नाही. पण अक्कल कशाला म्हणायची हेच मला हल्ली कळेनासे झाले आहे. म्हणून तूर्त जागा मोकळी सोडतो: ..............

१) राहते घर व शेत मुलगा बालाजी याचे. त्याबद्दल वाद नाही.

२) बूथातली लोखंडी खुर्ची शेजारी मुंजाजी याला द्यावी. १९९३ साली बूथ उघडला तेव्हा याच खुर्चीत बसून, माझाच चहा पिऊन तो म्हणाला होता, "संतराम, तुझ्या या डब्ब्यानं लोकायची अक्कल जाऊन राहिली." मी त्याला अडाणी म्हणालो. पुढे मोबाइल आले, बूथ बसला, आणि हेच वाक्य मी बालाजीच्या पोरीला, पुनमला, ऐकवू लागलो. तेव्हा मुंजाजी गालात हसला. ते हसणे मी माफ केलेले नाही. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, तो दुरुस्त करू नये.

३) बसस्टँडजवळचा बूथाचा गाळा. नात पुनमला तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकायचे आहे. मागच्या मृत्युपत्रात मी तो तिला नाकारून बालाजीला दिला होता. कारण, निम्म्या गावाचे नंबर मला तोंडपाठ आणि या पोरीला सख्ख्या आजोबाचा नंबर सांगता येत नाही. शिवाय माझ्या मोबाइलात तिने स्वतःचे नाव इंग्रजीत 'ए पुनम' असे घातले. बारावी झाली तरी नाव धड लिहिता येईना. यंत्रांनी पोरांची डोकी खाल्ली, असे मी चारचौघांत बोललो.

यंदा पोळ्यानंतर जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मला भोवळ आली. चहावाल्याने घरचा नंबर विचारला. मी ठणकावून सांगितला. त्याने लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणे. तो आमच्या बंद पडलेल्या बूथाचा निघाला. घरचा काही केल्या आठवेना. मी फार घाबरलो. मला मोबाइलवर आलेला फोन तेवढा उचलता येतो. शेवटी चहावाल्यानेच मोबाइल माझ्या खिशातून काढला आणि यादीत सगळ्यात वर दिसले त्या नावाला फोन केला. बापाला गाडी काढायला लावून पुनम आली.

घरी आल्यावर मी तिला विचारले, नावापुढे ए काहून लावलास?

"नंबर मला पाठ न्हाई, आबा. पण तुमाला कायी झालं तर लोकायला माझंच नाव आधी दिसावं म्हणून लावला."

आता डोके कोणाचे गेले आणि कोणाचे शाबूत आहे, मला खरेच सांगता येत नाही. तिला तेराचा पाढा येत नाही, त्याचे आजही वाईट वाटते. पण मागचे मृत्युपत्र रद्द. गाळा पुनमचा. बालाजीने रुसू नये.

४) वरची मोकळी जागा अशी भरावी: 'थोड्या माझ्या व थोड्या पुनमच्या अक्कलहुशारीने'. वकिलांना एवढे चालत नसेल, तर माझी खोडावी.

साक्षीदार:
१. मुंजाजी (सही करताना पुन्हा हसला)
२. शालूबाई, अंगणवाडी सेविका

सही: संतराम किसनराव अडकिणे
ठिकाण: डोंगरकडा
तारीख: १२ नोव्हेंबर २००८