बांधकोरी

प्रिय चैताली,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. घरातलं एकमेव शहाणं चहाचं गाळणं तू हैदराबादला घेऊन गेली आहेस. मागे उरलेलं गाळणं फार उदार मनाचं आहे, ते कुणालाच अडवत नाही. चार महिने मी चहा पीत नसून चावतो आहे. तुझी आई म्हणते, "अहो, पत्तीत लोह असतं." म्हणजे तिच्याकडून न्याय मिळायची आशा नाही.

वारज्याचा तुझा रविवारचा वर्ग मात्र व्यवस्थित चालू आहे. जाताना तू एवढंच म्हणालीस, "बाबा, मी येईपर्यंत कुणी वर्ग सोडता कामा नये." नारायण पेठेत तीस वर्षं मुलांना संस्कृतची शब्दरूपं घोकायला लावणाऱ्या माणसाला बुद्धिबळ शिकवायला लावणं हा तुझा विनोद असावा. पण माझ्यापेक्षाही नवखी अशी नऊ माणसं त्या सोसायटीच्या हॉलमध्ये मिळाली, आणि आमचं जमलं. अडलं ते तुळजाबाईंपाशी.

तुला त्या आठवत असतीलच. पहिल्याच दिवशी हॉलच्या फरशीकडे बघून म्हणाल्या होत्या, "हितं आमची जवारी हुती." फेब्रुवारीत त्यांनी पट माझ्यापुढे सरकवला आणि जाहीर केलं, "सर, मी काय पुढल्या रविवारपासून येत नाय." कारण विचारलं. समोरचा मधलं प्यादं सोडून बाजूचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकलतो, तेव्हा त्यांना पुढची खेळीच सुचत नाही. का, तर त्या सुरुवातीचं नाव मी फळ्यावर लिहिलं होतं: 'इंग्लिश ओपनिंग'. "सातवीत इंग्लिशमधीच गेले मी. शाळा तिथंच सुटली. आता हितंबी तेच?"

मी पंडित. ताबडतोब नामांतर केलं: 'पार्श्वारंभ'. वर्गात अशी शांतता पसरली, जशी माझ्या दहावी 'ब' मध्ये व्युत्पत्ती सांगताना पसरते. मग मी खडू ठेवला आणि साधं सांगितलं, की हे प्यादं मध्य घेत नाही, कडेला बसून मध्यावर डोळा ठेवतं. तुळजाबाईंनी पट पुन्हा स्वतःकडे ओढला. "म्हंजे बांध कोरतोय की ह्यो! आमचा शेजारी दर साली वीतभर कोरायचा." आणि रान तुमच्या सासऱ्यांचं ना, ते काय करायचे, मी विचारलं. "करायचंय काय? बांधावर भांडत बसलं तर पेरणी ऱ्हाती. आपलं मधलं रान आधी पेरायचं."

तुझ्या वहीत काळ्यांसाठी जो उपाय दीड पान भरून आहे, तो हाच, नाही का? राजापुढचं प्यादं मधे, घोडा बाहेर, मग वजिरापुढचं प्यादंही मधे. आता वर्गात इंग्लिश ओपनिंग हा शब्द कुणी उच्चारत नाही. पांढऱ्यानं ते प्यादं हलवलं की नऊच्या नऊ जण एकमेकांना कोपर मारतात, "बांधकोरी!" माझा पार्श्वारंभ अनाथ झाला. झालेलं दुःख मी पत्तीसकट गिळलं.

तर बातमी अशी, की परवाच्या रविवारी खडकीला नवख्यांची स्पर्धा होती आणि तुळजाबाई काळी मोहरी घेऊन एका निवृत्त इंजिनिअर गृहस्थांसमोर बसल्या. त्यांनी पहिलीच खेळी बांधकोरीची केली. मी प्रेक्षकांच्या दोरीच्या अलीकडे. बाईंनी पदर खोचला आणि मधलं रान पेरलं. मारामारी होऊन त्यांचा घोडा पटाच्या मधोमध आला, तसा गृहस्थांचा उंट कडेच्या घरातून त्याच्यावर तिरपा रोखला गेला. इथं आमचे सगळे चुकतात. मोक्याची जागा सोडवत नाही. बाईंनी खूप वेळ घेतला. मग घोडा शांतपणे मागे घेतला आणि खेळत राहिल्या. दोन तासांनी डाव बरोबरीत सुटला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "सर, इंग्लिशमधी निम्मे मार्क पडले. पास ना?" मी जोरात होकाराची मान हलवली. त्या क्षणी मला त्यांचा जितका अभिमान वाटला, तितकाच हा वर्ग उभा करणाऱ्या पोरीचा वाटला.

आता एक कबुली. वर्गात एक पट कमी पडत होता, म्हणून कपाटावरची, ओढणीत गुंडाळलेली तुझी बुद्धिबळाची पेटी मी न विचारता काढली. आत डिसेंबरच्या त्या स्पर्धेतल्या तुझ्या शेवटच्या डावाचा कागद होता. तू हरलीस एवढंच आम्हाला माहीत होतं. परवा खडकीहून आल्यावर मी तो डाव खेळी-खेळीनं पटावर मांडला. मला काही कळेना, म्हणून मोबाइलला विचारलं. तू डाव सोडलास तेव्हा तो समसमान होता, चैताली. तुझा घोडा फक्त मागे घ्यावा लागणार होता. त्यानंतर आठवड्याभरात तू हैदराबादची नोकरी घेतलीस, आणि तेव्हापासून फोनवर सगळं 'मस्त' असतं. तुळजाबाई दर रविवारी विचारतात, "म्याडम कधी येणार?" मी ठणकावून 'जूनमध्ये' सांगतो. खरं म्हणजे मला माहीत नाही. हरण्याची मला काळजी नाही, पोरी. चांगला चाललेला डाव सोडून तू उठलीस, ते कशामुळे हे मला कळत नाही, आणि फोनवर विचारायची भीती वाटते. म्हणून लिहिलं.

तुझाच, पत्ती चावणारा,
बाबा