लापशीवरची साय

ठकूबाई,

पहिली बस माझ्याकडे आहे, म्हणून निघालो. गॅसवरच्या पातेल्यात लापशी आहे. गहू आणि जव भाजून, जाडसर भरडून काल भिजत घातले होते, सकाळी दुधात शिजवले. घट्ट झाली असेल तर गरम दूध घालून तळापासून हलव, नाहीतर गुठळ्या होतात. मध ओट्यावर काढून ठेवलाय.

काल तू वाटी-चमचा धुऊन पालथे घातलेस, खाल्ल्यासारखे. पण पातेल्यातल्या कालच्या लापशीवरची साय जशीच्या तशी होती, चमचाही लागलेला नव्हता. बस चालवत असलो तरी एवढं कळतं मला. बापाला गंडवायला अजून शिकावं लागेल तुला.

तिकडून एकटी परत का आलीस, ते मी विचारणार नाही. पण खरं सांगू? माझाही डबा हल्ली डेपोतल्या कुत्र्याच्या पोटात जातो. तिथल्या बाकावर एकट्याला घास उतरत नाही.

आज डबा नेला नाही. माझा वाटाही पातेल्यातच आहे. दुपारी येतो. भूक लागली तर खा, नाहीतर माझ्यासाठी थांब. फक्त कोरडी वाटी धुऊन ठेवू नकोस.

बाबा