तीन पट्ट्या कमी

सोम. ३ मार्च
कोलशेतच्या कारखान्याकडून तपासणीला आलेल्या तीस पट्ट्या तोडल्या आज. पांढऱ्या, बोटाएवढ्या, सिरॅमिकच्या. ॲसिडच्या पंपात गळती रोखायला सीलची रिंग बसते, त्याच मालातल्या. दोन आधारांवर पट्टी ठेवायची, मधोमध दाब वाढवत न्यायचा. लोखंड आधी वाकतं. ही काहीच सांगत नाही. टक्, दोन तुकडे.
सत्तावीस छान. तीन निम्म्या दाबालाच गेल्या. भिंगाखाली बघितलं. तिन्हींत, तुटल्या जागी, टाचणीच्या टोकाएवढी पोकळी.

मंगळ. ४ मार्च
कर्णिक सर (लॅब त्यांचीच) म्हणाले, "पट्टी तिरकी बसली असेल. त्या तीन काढून टाक."
"सर, पोकळी दिसतेय."
"अगं माधवी, सरासरी बघ ना. मस्त आलीय."
सरासरी कधी तुटत नाही. तुटते ती सगळ्यात कच्ची रिंग. हे मनात. अकरा वर्षं वागळे इस्टेटच्या या लॅबमध्ये काढली, सरांपुढे तोंड उघडत नाही.
सत्तावीसचाच रिपोर्ट. सही केली.

सोम. १७ मार्च
जेवताना सुहास (नवरा) म्हणाला, त्यांच्या प्लांटच्या ॲसिड पंपाला नवीन सील आले, आज बसवले. डोंबिवलीत केमिकल कंपन्या काय कमी आहेत? तरी विचारलं, कुठले.
"कोलशेतचे. पांढऱ्या रिंगा. रिपोर्टखाली तुझी सही! सगळ्यांना दाखवली मी."
त्या पंपाला लागूनच याचं कंट्रोल पॅनल. आठ तास तिथेच उभा असतो.
सांगितलं सगळं. मग एवढंच, "माहीत असून सही केलीस?"

मंगळ. १८ मार्च
सरांना म्हटलं, रिपोर्ट परत मागवू. "मागवला की लॅबला टाळं. आणि सही कुणाची आहे?"
दुपारी मेल केला. कारखान्याला आणि सुहासच्या मॅनेजरला. तिन्ही आकडे, तिन्ही फोटो, मी ते का गाळले तेही. माझ्या नावाने.

बुध. १९ मार्च
सरांनी लॅबची चावी मागून घेतली. "थोडे दिवस घरी बस."
कारखान्याकडून काही नाही. मॅनेजरचं उत्तर: नोंद घेतली आहे, पुढच्या शटडाउनला, प्लांट बंद असेल तेव्हा, पंप उघडून पाहू. शटडाउन कधी, ते लिहिलेलं नाही.
सुहासला म्हटलं, दुसरीकडे ड्युटी मागून घे.
"मी हललो की तिथे पाटील उभा राहणार. त्याच्या बायकोला कोण सांगणार? तू?"

शुक्र. २८ मार्च
पंप चालूच. सुहास रोज येऊन सांगतो, आवाज नाही, गळती नाही. त्याला त्याचा धीर वाटतो. मला उलट.
मॅनेजर आता फोन घेत नाही.
आज सुहासची पहिली पाळी. डबा दिला. जिना उतरता उतरता म्हणाला, "बघ, अजून तरी काही झालं नाही."
अजून तरी.
फोटो मोठे छापून आणलेत. सुहासच्या कंपनीच्या गेटवर जाते. मॅनेजर बाहेर येईपर्यंत तिथून हलणार नाही. वॉचमनने हाकललं तरी.
निघते आता.