शिकारीच्या सकाळचा कागद

माननीय वनअधिकारी साहेब, लातूर यांस,

आपल्या नव्या जिल्ह्याचा कागद पोचला होता. मी तो खोटा वाचला. घरात पहिली शिकलेली मी, म्हणून कोतवालानं शिकारीच्या सकाळी तो सगळ्यांना वाचून दाखवायला माझ्याच हातात दिला. शिकारीला बंदी, असं त्यात स्पष्ट होतं.

पौषातली ही शिकार गाव मिळून करतं. दोन सालं पाऊस नाही. महिनाभर लोक या एकाच दिवसाबद्दल बोलत होते. शिकारीची जाळी लावणाऱ्या लिंबाजीआज्ज्यानं विचारलं, "काय म्हंतोय नवा जिल्हा?"

"लस टोचायला येणार हायेत."

"मग चला बिगीनं, दंड सुजायच्या आत!" सगळे हसले.

कोवळ्या उन्हात धूळ उडाली आणि डोंगर तिच्यात तरंगू लागला. हाकारे, डफ, कुत्री, सगळं झोपेत ऐकावं तसं लांबून येत होतं. ससा धुळीतून निघाला, आज्ज्यानं लावलेल्या जाळ्यात शिरला आणि पाण्यातून जावा तसा पलीकडं गेला.

उतरताना आज्जा हळूच म्हणाला, "वाचताना तुजे व्हट कापत हुते, पोरी. बंदीचाच कागद हाय, ह्ये वळखलं. म्हून म्या जाळ्याच्या गाठी ढिल्या ठिवल्या. उद्या साहेब आला तर तुज्यावर बालंट नगं."

त्या दिवशी एकाही घरी कालवण शिजलं नाही. ज्यांना घास मिळावा म्हणून मी खोटं बोलले, त्यांचाच घास माझ्यामुळं गेला. हे आपल्याला कळवायला हवं. पण खरं लिहायचं तर आज्ज्याचं नाव येतं, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही.

'विश्वासू' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
चांगुणा