हळू फिरलेली तबकडी

नाना, तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुमच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन फुंकत होतो तोवर धुळ्यात रोजच तुमच्यासमोर होतो. पुढे जळगावला रेडिओचं दुकान टाकलं, तेव्हा तुम्ही मांडीवर हात आपटून म्हणालात, "फुंकनारा व्हतास, आते दुसरानं फुंकेल इकस! चिठ्ठी नको धाडू, तोंड दखाडत जाय." म्हणून तोंड दाखवत राहिलो. आता ती सोय नाही आणि माझेही केस पांढरे झालेत, तेव्हा एक गोष्ट कागदावर बोलून टाकतो.

भुसावळचा एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर घरातलं सामान विकून ऑस्ट्रेलियाला निघाला होता. त्याची रेडिओ आणि तबकड्या दोन्ही वाजवणारी पेटी, रेडिओग्राम, मी उचलली, तर आत एक छोटी तबकडी निघाली. पाकिटावर कोट घातलेली माणसं ओळीनं उभी, आणि प्रत्येकाच्या हातात ट्रॉम्बोन. अमेरिकेतलं जाझ. मी ती लावली, आणि पहिल्या बसनं तुम्हाला निरोप धाडला. तुम्ही दुकानात स्टुलावर बसलात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. तबकडी फिरते आहे, आणि खोल, जड, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालल्यासारखे आवाज येताहेत. तुम्ही विचारता, "हाई बठ्ठा ट्रॉम्बोनच शेत?" मी म्हणतो, "बठ्ठा, नाना. सगळे ट्रॉम्बोनच." "मंग क्लॅरिनेट कोठे गयं?" "घरी ऱ्हायनं." तुम्ही हसता, पण डोळे पुसता. वरातीत गाणं वाजवायचं क्लॅरिनेटनं आणि ट्रॉम्बोननं नुसती मागून री ओढायची, असंच तुमचं आयुष्य गेलं होतं. इतका खोल ट्रॉम्बोन मीही कधी ऐकला नव्हता. आपण दोघांनी ठरवून टाकलं, की अमेरिकेतल्या माणसांची फुफ्फुसंच मोठी असणार. मी एकेक आवाज कानानं सोडवून गुणगुणत गेलो, तुम्ही तो पाठ करत गेलात, आणि त्या दिवशी दुकानात दुसरं काही विकलं गेलं नाही.

त्याच वर्षी चातुर्मासात तुमच्या पत्नी, आमच्या अक्का, गेल्या. तुमची पितळी वाद्यं चिंच आणि राख लावून घासणाऱ्या, आणि वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांना कळण्याची भाकरी वाढणाऱ्या अक्का. लग्नसराईत त्यांच्या वाट्याला तुमचा बँड फक्त गल्लीतून दूर जाताना यायचा. मुहूर्त नव्हते म्हणून सगळे बँडवाले घरीच होते. नरडाण्याचे, पाचोऱ्याचे ट्रॉम्बोनवाले तुम्ही बोलावून घेतलेत आणि ओसरीवर बसवून तोंडानं त्या तबकडीची चाल शिकवलीत. अक्कांचे भाऊ तणतणले, "लग्नाचा बाजा मयताले? लोक काय म्हनतीन?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिनं जलमभर दाराआडथून ऐकं. आज तिनापुढे वाजू द्या." पांझरेपर्यंत आपण ती चाल वाजवत गेलो. दुकानदार दुकानातून उतरून उभे राहिले होते. नदीवरून परतताना तुम्ही माझा दंड धरलात. "त्या अमेरिकाना लोकेसले तुन्ही अक्का कशी माहीत व्हती रे?"

पुढच्या वर्षी दुकानात नवं यंत्र आलं. मी सहज ती तबकडी लावली आणि उडालोच. जुन्या रेडिओग्रामची वेगाची कळ खालच्या खाचेत गंजून बसली होती, आणि तबकडी होती वरच्या वेगाची, म्हणून ती इतके दिवस हळू आणि खोल वाजली होती. रेडिओ कोळून प्यालो होतो, पण त्या छोट्या तबकड्या आमच्याकडे नव्या होत्या. खरी चाल होती नाचायची! टाळ्या वाजवाव्यात, कंबर हलवावी, अशी. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग यंत्र बसमध्ये मांडीवर घेऊन धुळ्याला आलो. तुम्हाला फसवून जगणं मला जमलं नसतं.

तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. "हाई ते नाचानं शे."

"हो, नाना."

"आनि आपन अक्काले..." अक्का ज्या चुलीपाशी बसायच्या तिकडे बघत राहिलात. मी शिव्यांची वाट बघत होतो. निदान एखादी तरी द्यायची होती. "आते पहिलेसारखं लाव," तुम्ही म्हणालात. मी कळ खाली सरकवली. ते खोल आवाज पुन्हा आले, पण आता तुमच्या पायाचा अंगठा तालावर होता, आणि तो ताल हळूचा नव्हता. उठताना म्हणालात, "कोनले सांगू नको. पाचोरावालासले ते मुळीच नको. त्या लगीनम्हा वाजाडतीन." मग तोंड फिरवून आत गेलात ते बराच वेळ बाहेर आला नाहीत. चहा शेजारणीनं करून दिला.

तुम्हीही गेलात ते बिनमुहूर्ताच्या महिन्यात. कुणाचा धंदा बुडवला नाहीत. पाचोऱ्याचे आले, नरडाण्याचे आले, आणि मी दुकान बंद करून, ओठांची सवय गेलेली असताना, ट्रॉम्बोन घेऊन पुढच्या ओळीत उभा राहिलो. अक्कांचीच चाल वाजवायची हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. जो तो रडत वाजवत होता. एवढ्या माणसांत ती खरी चाल माहीत असलेला मी एकटा उरलो होतो. माझ्या कानात ती तिच्या खऱ्या वेगानं धावायला लागली, आणि नदीच्या उतारावर माझा श्वास सुटला. ट्रॉम्बोन खाली आला, खांदे हलायला लागले. पाचोऱ्याच्या म्हाताऱ्यानं मला पोटाशी धरलं. "रडू दे त्याले," तो लोकांना म्हणाला, "बापनागत व्हतात नाना."

धुळ्यात अजून लोक सांगतात, की नानांच्या मयताला तो जळगावचा रेडिओवाला पोरासारखा रडला. मीही मान हलवतो. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, घरातही कुणाला दाखवणार नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, नाना, त्या उतारावर मला हसू आवरत नव्हतं. आणि बाजूला वळून ते सांगावं, तर तुम्ही खांद्यावर होतात.