एत्शेगोयेनची वाट

ओयारत्से,
३ ऑक्टोबर १९४७

चि. गानिश यास अ. उ. आ. वि. वि.

तुझे मोजे पोचले. आई म्हणाली, मेंढ्या राखायला सातासमुद्रापार गेला आणि मोजे मात्र दुकानातले पाठवतो! पण घातले आहेत हो, काढू देत नाही.

आता खरं ते लिहिते. आईचं काही खरं नाही. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली आहे. तिला मरणाची भीती नाही, काळजी वाटेची आहे. आपल्या एत्शेगोयेन घराचं माणूस मेल्यावर एत्शेगोयेनच्याच वाटेनं चर्चला जायचं, आणि क्रूस घेऊन पुढं पहिला शेजारीच चालायचा, दुसरा कुणी चालत नाही. पहिला शेजारी म्हणजे हारिस्पे घराचा बत्तिता. हे नातं घराघरांत कुणी लावलं, देव जाणे. आपल्या हातात नाही. आणि त्या घराशी आपलं बावीस वर्षं बोलणं नाही. चोरून हद्दीपार नेताना त्याची खेचरं शिपायांनी धरली, तो सहा महिने तुरुंगात बसला, ते तुझ्यामुळं असं तो म्हणतो. तू नाही म्हणतोस. त्यातून आपण फ्रान्सात, चर्च हद्दीपलीकडं स्पेनात, आणि हद्द दीड वर्षापासून बंद. शिपाई चिमणीलासुद्धा कागद विचारतात.

वेळ आली तर मी बत्तिताच्या दारात जाऊ का? रागावू नकोस, नीट विचार करून कळव. जेवणाची हयगय करू नये.

तुझी थोरली बहीण,
गाशुशा


एल्को, नेवाडा,
२६ ऑक्टोबर १९४७

ती. गाशुशाताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, दोनदा वाचलं. आईला सांग, मोजे पुढच्या वेळी स्वतः विणीन, मग ती ते कुत्र्याला घालील.

त्याच्या दारात मात्र जाऊ नकोस. तोंडावर दार आपटील. मी त्याचं नाव कुणापाशी घेतलं नव्हतं, हे शंभरदा सांगून झालं. आईला सडकेनं लॉरीतून खालच्या गावात न्या, तिथंही पाद्री आहे. वाट म्हणजे शेवटी माती नि दगड. इतक्या वर्षांत तिथं काटेरी झुडपांखेरीज काय उरलं असणार?

आईच्या पायांवर माझ्या वतीनं हात ठेव.

तुझा धाकटा,
गानिश


ओयारत्से,
२० नोव्हेंबर १९४७

चि. गानिश यास अ. उ. आ.

आई गेली. मार्टिन संताच्या दिवशी, अकरा तारखेला, सकाळी. तुझं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं, पण मी तुझं ऐकलं नाही.

हारिस्पेच्या दारात उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. बत्तिता मक्याचे दाणे सोलत होता. उठला, टोपी काढली, किती वाजता गेली एवढंच विचारलं. त्याची बायको तशीच आपल्या घरच्या मधमाश्यांकडं गेली, शेजारणीची ती रीतच. पोळ्याची पेटी न् पेटी वाजवून तिनं सांगितलं, की मालकीण गेली, आता तिच्या मेणबत्त्यांसाठी मेण जास्त करा.

वाटेच्या तोंडाशी माझा पाय अडखळला. बाबांनंतर तिथून कुणी गेलं नव्हतं. आणि गानिश, वाट स्वच्छ होती! नेचे कापलेले, ओहोळावर दगड नीट बसवलेले. त्याची बायको म्हणाली, की दर वसंतात तो कोयता घेऊन जातो, एकही वर्ष चुकलेला नाही. मी त्याला विचारलं, तर माझ्यावरच डाफरला, की भांडण गानिशशी आहे, वाटेनं माझं काय वाकडं केलंय?

तिठ्यावर रीतीप्रमाणे आईच्या गादीतला मूठभर पेंढा जाळला आणि हद्दीवर आलो. नव्या हवालदारानं कागद मागितले. बत्तिता क्रूस धरून चालतच राहिला. चालता चालता म्हणाला, की हा हद्दीचा दगड पुरताना माझ्या आज्यानं पाहिलाय. ही वाट पाडताना कुणाच्याच आज्यानं पाहिली नाही. आणि मेलेल्या बाईला कसले रे कागद? हवालदारानं आडवा बांबू वर केला.

या वाटेनं आपली किती माणसं खांद्यावरून गेली असतील, राजे कोण होते हेही त्यांना ठाऊक नसेल! इतकी वर्षं मी या घरात राहिले, पण हे घर केवढं जुनं आहे ते त्या दिवशी कळलं.

आईला बाबांशेजारी ठेवलं आहे. बत्तितानं पुन्हा तुझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

तुझी,
गाशुशाताई


एल्को, नेवाडा,
१४ डिसेंबर १९४७

ती. बत्तिताकाकांस सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. तेव्हापासून हा कागद चौथ्यांदा लिहितो आहे.

तुमचं नाव माझ्याच तोंडून गेलं. पिऊन नव्हे, चांगल्या शुद्धीत. माझीही दोन खेचरं शिपायांनी धरली होती. ती सोडायच्या बोलीवर मी तुमच्या खेचरांची चोरवाट सांगितली. ताईला आणि आईला आयुष्यभर खोटं सांगत आलो. आई तेच खरं मानून गेली.

माफी मागायला तोंड नाही. मार्चात बोटीनं निघतो आहे. आधी तुमच्या दारात येईन, मग घरी. दार लावलंत तर बाहेर उभा राहीन.

तुम्हाला वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. हे पत्र ताईकडूनच वाचून घ्या.

एत्शेगोयेनचा
गानिश