भुलीआधी मिशरी बंद

गुरुवार, संध्याकाळ. तारापूर.

मिशरी बंद. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आज साफ सांगितलं, तंबाखू सुटल्याशिवाय भूल देणार नाही, ऑपरेशन पुढे जाईल. यांना माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचाय आणि मी मिशरीपायी अडून बसू? एकाच वेळी दोन थिएटरं, दोघांना भूल देणारी वेगवेगळी माणसं, आयसीयूत दोन खाटा, वर रक्त. मुंबईच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलातही हे सगळं रोज जुळत नाही. चिमूटभर मिशरीसाठी ते मोडायचं? छे!

डबा सासूबाईंकडे देऊन टाकला. तरी आत्ता लिहिता लिहिता हात कोनाड्याकडे गेलाच. मेली सवय!

जेवताना हे म्हणाले, "तुजी भूल उतरलीच नाय तर? ऱ्हाऊ दे, नको."

मीही बाईंना तेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दोघांत आधी जाग तुम्हालाच येईल. मग मी यांना म्हटलं, "रोज पहाटे मासळी आणायला बंदरावर जाते, तवा घरात आधी कोण उठतं?"

यांनी भात संपवला.

शुद्धीवर आले की बोट पहिलं दातांकडेच जाणार, माहीत आहे मला. जाऊ दे. रिकामं जाईल.